रविवारी लावायची चिन्हं

बोरिवलीच्या आमच्या घरात रविवारी जेवणाचं टेबल जेवायला मिळायचं नाही. मी मुलुंडहून बस बदलत, ट्रॅफिकच्या नावाने बोटं मोडत माहेरी पोचायचे आणि ताट मांडीवर घेऊन दिवाणावर बसायचे, कारण टेबलावर माझ्या धाकट्या भावाचं विमान पसरलेलं असायचं. पंचेचाळिशीला आलेला माणूस, पवईत अकाउंट्समध्ये बरी नोकरी, लग्न केलं नाही, आईबरोबर राहायचा. आणि रविवारी खेळण्यातली विमानं करायचा. खेळणं म्हटलेलं त्याला अजिबात खपायचं नाही. "ताई, हे लढाईत खरं उडलंय," म्हणायचा. "तू कधी उडलीस?"

ही विमानं तळहातावर मावतील एवढी. खोक्यात प्लास्टिकचे तुकडे सुटे येतात, ते जोडायचे, घासायचे, रंगवायचे. त्याचा खरा जीव मात्र शेवटच्या कामात. विमानावरची गोल चिन्हं, शेपटीवरचे पट्टे, नाकाजवळचा नंबर हे सगळं एका पातळ कागदावर छापलेलं असतं. डिकॅल म्हणतात त्याला. तुकडा कापून कोमट पाण्यात घातला की जरा वेळाने चिन्ह कागदावरून सुटतं आणि मग ते ब्रशने विमानावर सरकवायचं. खोक्यात येणारी चिन्हं बहुतेक वेळा परक्या देशाची. एकाहत्तरच्या लढाईतलं आपलं छोटं नॅट विमान करायचं, तर आपली केशरी-पांढरी-हिरवी चिन्हं वेगळी मागवावी लागत. ती छापणारे कुठले कुठले लोक तो हुडकून काढायचा. कुरिअर यायला महिना लागो, दोन लागोत, हा रोज वॉचमनला विचारणार. मी त्याला पिडायचे, "अरे, एवढ्याशा स्टिकरसाठी एवढा जीव टांगणीला?" तो म्हणायचा, "स्टिकर बोललीस तर पाणी पाजणार नाही तुला आज."

एका कागदावर चार-पाच विमानांची चिन्हं असतात आणि हातात विमान एकच. म्हणून मालाडला राहणारा त्याचा एक मित्र आणि हा, दोघं मिळून एकच कागद मागवत आणि कात्रीने मधोमध कापून घेत. हा मित्रही तसलाच वेडा, बँकेत कामाला, घरात बायकोची बोलणी खाऊन विमानं करणारा. कात्री चालताना दोघं श्वास रोखून बसायचे. आई म्हणायची, "झाली भावाभावांची वाटणी. भांडू नकात हां."

आईचं या सगळ्यात मोठं काम असायचं. कोमट पाण्याची बशी तिची. ती बशी दुसऱ्या कुठल्या वापरात घ्यायची नाही. चिन्ह नीट बसावं म्हणून वरून थेंबभर व्हिनेगर लावतात, ती बाटलीही तिच्याच कपाटातली. बशी ठेवून ती शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि अख्खा वेळ एक शब्द बोलायची नाही. माझ्या आईला गप्प बसवणं सोपं नाही, मी पन्नास वर्षं प्रयत्न करतेय. पण चिन्ह कागदावरून सुटून विमानावर जाताना ती पदर तोंडाला लावून बघत राहायची. बसलं की तिच्या मालवणीत म्हणायची, "बसला गो!" जसं काही लेकाचं लग्न ठरलं.

शेवटचं नॅट त्याने चंदेरी रंगवलं होतं. वरून चकाकी मारून झाली होती, चिन्हांचा अर्धा कागद आला होता, सगळं तयार. रविवारी लावायचं ठरलं होतं. गुरुवारी ऑफिसात त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. पुढचं फारसं आठवत नाही, आठवायचंही नाही. एवढं आठवतं की रविवारी घर माणसांनी भरलेलं होतं, टेबल भिंतीला सरकवलं होतं, त्यावर विमान तसंच होतं. आई त्याच्याकडे बघत बसली होती. रडत नव्हती. स्मशानातून माणसं परतली तेव्हाही रडली नव्हती. मला जवळ बोलवून हळूच म्हणाली, "तेचो रविवार रवान गेलो गो."

तेराव्यानंतर तिने विमान उचललं. आमच्याकडे दिवाळीच्या फराळाचा मोठा स्टीलचा डबा आहे, घट्ट झाकणाचा, ज्यात करंज्या गणपतीपासून ठेवल्या तरी मऊ पडणार नाहीत असा. तो तिने घासूनपुसून घेतला. तिच्या एका जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा फाडला, त्यात विमान बाळंतिणीच्या बाळासारखं गुंडाळलं, चिन्हांचा कागद टिश्यूत घालून वर ठेवला. आणि कडेने डांबराच्या गोळ्या टाकल्या, चांगल्या मूठभर. आमच्या बिल्डिंगला ओल आहे, कपाटात कसर होते आणि कसर कागद खाते. तिचा लग्नातला शालू याच गोळ्यांवर अजून धड आहे. तेव्हा माझ्या मनातसुद्धा काही वेगळं आलं नाही. शालूला चालतं ते विमानाला चालेल, यात शंका घेण्यासारखं काय होतं?

डबा तिने तिच्या उशाशी स्टुलावर ठेवला. उघडून आतलं कुणी बघायचं नाही. मी एकदा झाकणाला हात लावला तर म्हणाली, "हात लावू नको. तुका राग इलो तरी चलात." माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आई, माझाही भाऊ होता तो!" ती म्हणाली, "व्हय. पण इमान माझ्याकडे ठेवून गेलो ना तो?" कर्म माझं.

गोळ्या झिजल्या की ती नव्या टाकायची. झाकण बोटभर उचलायचं, गोळ्या सोडायच्या, झाकण दाबून बसवायचं. लुगडं सोडून आत बघायची तिची स्वतःचीही छाती झाली नाही कधी. तिच्या खोलीत गेलं की तो वास नाकात जायचा, तिच्या केसांना यायचा, उशीला यायचा. बसमध्ये परतताना माझ्या ओढणीलाही यायचा. वर्षभर माझ्या भावाचा वास म्हणजे डांबराच्या गोळ्यांचा वास, असंच झालं होतं.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा आईच एक दिवस फोनवर म्हणाली, "तेच्या मालाडच्या मित्राक बोलव. तेना चिन्हा लावूंदेत. वर्सापयली इमान पुरा होवक व्हया, फोटोफुडे ठेवन." मला इतकं बरं वाटलं की फोन ठेवून मी स्वयंपाकघरात एकटीच रडले. म्हटलं चला, म्हातारी सुटली त्या डब्यातून.

रविवारी मित्र आला. चपला काढताना पहिली नजर फोटोकडे गेली आणि तो तिथेच उभा राहिला. आईने त्याला हाताला धरून टेबलाशी बसवलं. टेबल पुसून लख्ख, बशी मांडलेली, व्हिनेगरची बाटली, कापूस, सगळं वर्षापूर्वीसारखं. डबा तिने स्वतः आणून ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही खोला. मी घावणे घालतंय," आणि आत गेली. माझ्या लक्षात आलं की तिला ते बघवणार नाही. आत मिक्सर सुरू झाला, खोबऱ्याची चटणी चालली होती.

झाकण उघडल्याबरोबर डोळ्यांतून पाणी आलं, इतका वास. मित्राने लुगडं सोडायला घेतलं. ते सुटेना. एक पदर सुटला, दुसरा विमानालाच चिकटलेला. "थांबा ताई," म्हणत त्याने नखाने हळूहळू सोडवलं आणि आतून जे आलं ते बघून मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. पंख खाली झुकले होते, मेण उन्हात ठेवल्यावर झुकतं तसे. नाक चपटं. चंदेरी रंगाला फोड आले होते. आणि एका पंखावर लुगड्याची वीण उमटली होती, उभे-आडवे धागे, शिवाय काठाची बारीक नक्षी. चिन्हांचा कागद टिश्यूसकट एकजीव झाला होता. केशरी कुठे संपतंय आणि हिरवं कुठे सुरू होतंय ते कळत नव्हतं.

मिक्सरच्या आवाजात मित्र मोठ्याने बोलत होता. "हे काय झालं? उन्हात होतं का?" मग त्याने डब्यात बघितलं. "काकूंनी डांबरगोळ्या घातल्या? अहो ताई, त्याच्या वाफेने हे प्लास्टिक विरघळतं!"

शेवटचं वाक्य घरात जरा जास्तच मोठ्याने ऐकू आलं. मी ओठांवर बोट ठेवलं, दुसऱ्या हाताने त्याचं मनगट दाबलं. क्षणभराने आत मिक्सर पुन्हा घरघरला. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं, "तिला कळलं तर ती मरेल. माझ्या आईने वर्षभर तळहातावरच्या फोडासारखं जपलंय हे. कळता कामा नये तिला. काही म्हणजे काही." तो बिचारा नुसता मान हलवत राहिला. मी विमान, कागद, सगळं लुगड्यात गुंडाळून माझ्या पर्समध्ये कोंबलं.

आई घावण्यांचं ताट घेऊन बाहेर आली. टेबलावर रिकामा डबा. तिने डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कसरीन खाल्ल्यान नाय मां?"

"नाही गं आई. एक कण नाही खाल्ला. जसंच्या तसं आहे. पण चिन्हं जुनी झालीत, इथे घाईत नको लावायला. हे घरी नेऊन नीट करून आणतायत."

"बरा झाला," ती म्हणाली. आणि त्याच्या ताटात आणखी एक घावणा वाढला.

त्या दिवशी जिना आम्ही दोघं चोरांसारखे उतरलो. गेटपाशी तो म्हणाला, "माझ्याकडे नॅटचं एक खोकं पडून आहे. आणि कागदाचा माझा अर्धा भाग आहे. त्याचा नंबर नाही त्यात, दुसऱ्या विमानाचा आहे. बाकी सगळं तेच." मी म्हटलं, "आईला मोतीबिंदू आहे, तिला कुठे नंबर दिसतोय? करा तुम्ही." त्याने केलं. ऑफिस सांभाळून, बायकोची बोलणी न खाता या वेळी. उलट त्याची बायको मला फोन करून सांगायची की आज पंख लागले, आज रंग झाला.

चिन्हं लावायच्या दिवशी मी मालाडला त्याच्या घरी गेले. मला बघायचं होतं. त्याने बशीत पाणी घेतलं, तुकडा कापून बुडवला. कापताना कागदाची एक कड मला दिसली, जरा वाकडी. कात्री चालवताना माझा भाऊच हसला होता, म्हणून ती वाकडी गेली होती, मित्राने सांगितलं. चिन्ह सुटलं, पंखावर सरकलं, त्याने ब्रशने थोपटलं. मला त्या क्षणी माझ्या भावाचा इतका राग आला! साल्या, एक रविवार थांबला असतास तर काय बिघडलं असतं तुझं? मी हे मोठ्याने बोलले असणार, कारण मित्राने ब्रश खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्याच्या बायकोने आमच्यापुढे चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

वर्षश्राद्धाला विमान आईच्या हातात दिलं. भटजी गेले होते, पानं उचलून झाली होती. तिने ते दोन्ही हातांत घेतलं. पंखावरून अंगठा फिरवला. नाकाशी नेलं. बराच वेळ नाकाशीच धरून ठेवलं. मग मित्राच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "बरा केलंस रे पोरा. झकास केलंस." आणि फोटोपुढे ठेवून दिलं. जमलं, मला वाटलं. मुलुंडला येऊन नवऱ्याला म्हटलंही, आयुष्यात पहिल्यांदा आईशी खोटं बोलून पचलं मला.

डोंबलाचं पचलं.

पुढच्या रविवारी गेले. आईच्या खोलीत शिरले आणि चुकल्याचुकल्यासारखं झालं. वास नव्हता. खिडक्या सताड उघड्या होत्या. फराळाचा डबा धुऊन ग्रिलमध्ये पालथा घातला होता. आई दिवाणावर बसली होती, नवं विमान मांडीवर, हातात एक मऊ फडकं.

"ह्येका गुंडाळून ठेवूचा काय नुसता?" तिने विचारलं.

"नुसतं ठेव गं. छान दिसतं."

"आणि गोळी?" तिने माझ्याकडे बघितलं नाही. "गोळी घालूक नको मां ह्येका?"

मी उभी होते ती खाली बसले.

"मिक्सर बंद करून भांडा उघडलंय," ती म्हणाली, "तेव्हाच तो बोललो. सगळा आयकाक इला. मगे परत चालू केलंय. चटणी कधीच झालली."

म्हणजे ताट घेऊन बाहेर आली तेव्हा तिला माहीत होतं. कसरीने खाल्लं नाही ना, हे तिने माहीत असून विचारलं होतं. आणि मी तिच्या तोंडावर म्हटलं होतं, जसंच्या तसं आहे.

"आई गं," मी म्हटलं.

"तू माझ्यासाठी खोटा बोललंस, म्हणान मी गप रवलंय. तो पोरगो पण किती खपलो." तिने विमान फोटोपुढे परत ठेवलं. "तेचा खय आसा? टाकलंस?"

"नाही गं. टाकेन कशी? माझ्या कपाटात आहे."

"हाड. घेवन ये."

"आई, बघवणार नाही तुला."

"वाकडा तर वाकडा. हाड."

आणलं. त्यापुढच्या रविवारी, त्याच लुगड्यात. मी मुद्दाम मित्रालाही बोलावलं होतं. त्याच्या अर्ध्या कागदावर अजून एक जोड उरला होता आणि त्याने म्हटलं होतं की पंख झुकलेला असला तरी एक चिन्ह बसवता येईल, काकूंना बरं वाटेल. मला ते पटलं होतं. मी कोमट पाणी घेतलं, तीच बशी, टेबलावर ठेवली.

आईने लुगडं सोडलं. झुकलेल्या पंखावर तिने बोट ठेवलं आणि त्या उमटलेल्या विणीवरून फिरवायला लागली, काठाच्या नक्षीपर्यंत, परत मागे, परत काठापर्यंत. डोळ्यांना कमी दिसतं तिला, पण बोटांना ते लुगडं बरोबर कळलं. "ह्या माझाच," ती म्हणाली. "मीच गो. माझ्याच हातान." आणि मग ती रडली. मी तिला तशी रडताना कधी बघितलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही. तोंडाला पदर लावायचं भान राहिलं नाही तिला. मी धरलं तिला, पण धरून काय होतं? मित्र खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

ती थांबली तेव्हा दुपार उतरली होती. मित्राने जवळ येऊन हळूच विचारलं, "काकू, एक चिन्ह लावू का यावर? पाणी ठेवलंय ताईंनी."

आईने विमान पोटाशी घेतलं.

"नको रे. तेचो रविवार तेचोच रवांदे."

ते अजून तिच्या उशाशी आहे, उघडं, काही न लावलेलं. मी बशीतलं पाणी मोरीत ओतून आले.